एमआरआय नॉर्मल, मग आजार कुठं आहे?

‘मॅडम, आम्ही उद्यमनगरजवळ राहतो. वडिलांचं लेथचं वर्कशॉप आहे. माझा धाकटा भाऊ २२ वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. गेल्या दिवाळीपासून तो खोलीतून फारसा बाहेर येत नाही. गल्लीतली पोरं माझ्याबद्दल बोलतात, माझ्या मनातलं मोबाइलमधून त्यांना कळतं, असं म्हणतो. रात्री मोबाइल टॉवेलात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवतो. एकटाच हसतो, आंघोळ चार-चार दिवस नाही. मनोविकारतज्ज्ञांकडं नेलं. त्यांनी तास-दीड तास आम्हा सगळ्यांशी बोलून स्किझोफ्रेनिया वाटतो असं सांगितलं आणि गोळ्या दिल्या. रक्त तपासलं, डोक्याचा एमआरआय केला, सगळं नॉर्मल. तेव्हापासून घरात रोज वाद. काका म्हणतात, “रिपोर्ट नॉर्मल हाय म्हंजे पोरगं नॉर्मल हाय, लाडानं बिघडलंय नुसतं.” आई म्हणते, एकदा नरसोबाच्या वाडीला नेऊन आणूया. भावाच्या मित्रानं एक व्हिडिओ पाठवला. त्यात मेंदू शांत असताना काढायचा एक नवीन स्कॅन दाखवलाय, ‘रेस्टिंग स्टेट’ म्हणतात. त्यात मानसिक आजार रंगीत दिसतो म्हणे. मोठ्या शहरातल्या एका सेंटरला फोन केला. खर्च ऐकून आई पाटल्या गहाण ठेवायला निघाली आहे. फोनवरच्या माणसानं सांगितलं की औषधं बंद असतील तर रिपोर्ट चांगला येतो. गोळ्यांनी तो दिवसभर झोपायचाच, म्हणून गेल्या आठवड्यापासून आम्ही त्या बंद केल्यात. हा स्कॅन करावा का? त्यात आजार खरंच दिसतो का? आणि नाही दिसला, तर गोळ्या कायमच्या बंद करायच्या का?’

— एक थोरली बहीण, कोल्हापूर

ताई, स्कॅनचं नंतर बोलू. आधी गोळ्या.

तुमच्या भावाला कधीही न बघितलेल्या माणसानं फोनवरून औषधं थांबवायला सांगितली आणि तुम्ही थांबवलीत. रागवत नाही, घरोघरी हेच होतं. पण हा अंक बाजूला ठेवा आणि ज्यांनी गोळ्या दिल्या त्या डॉक्टरांना आजच फोन करा. बंद केल्यात हे सरळ सांगा, लपवू नका. मनानंच पूर्ण डोस पुन्हा सुरू करू नका. कुठलं औषध आहे आणि किती दिवसांचा खंड पडला, त्यावर पहिल्यासारखं घ्यायचं की कमीपासून चढवत न्यायचं, हे ते सांगतील. दिवसभर झोप येते हेही सांगा. त्यावर इलाज असतो: गोळी रात्री घ्यायची, डोस उतरवायचा, नाहीतर औषध बदलायचं. अंग ताठ होतं का, एका जागी बसवत नाही अशी चुळबुळ होते का, भूक वाढली का, हेही विचारून ठेवा. बरेच पेशंट यातल्याच एखाद्या त्रासामुळं औषध सोडतात आणि डॉक्टरांना ते महिन्यानं कळतं. शिवाय या गोळ्यांचा खरा गुण कळायला काही आठवडे जावे लागतात. झोप पहिल्या दिवशी येते, संशय मात्र पहिल्या दिवशी जात नाही. त्यामुळं सुरुवातीला घरच्यांना वाटतं की औषधानं फक्त तोटाच झाला.

एवढी घाई करते कारण भास आणि संशय उपचाराविना जितके लांबतात, तितकं पुढं सावरणं अवघड जातं, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलेलं आहे. दिवाळीपासूनचे महिने आधीच गेलेत.

आता स्कॅन. व्हिडिओत दाखवलेली गोष्ट थाप नाही. विज्ञान खरं आहे, म्हणूनच नीट सांगते.

एमआरआयचं मशीन तेच असतं, फक्त चित्र काढायची पद्धत वेगळी. रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजन चिकटलेला असेल तर त्याचा चुंबकीय गुण एक, आणि ऑक्सिजन सुटला की दुसरा. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडं ताजं रक्त जास्त जातं, आणि तो फरक मशीनला टिपता येतो. जपानी शास्त्रज्ञ सेइजी ओगावा यांनी १९९० च्या सुमारास हे दाखवून दिलं. म्हणजे हा स्कॅन विचार बघत नाही, आवाज बघत नाही. तो रक्तातला बदल बघतो, आणि तोही काही सेकंद उशिरानं.

सुरुवातीला लोकांना मशीनमध्ये झोपवून काहीतरी करायला लावत: बोटं हलवा, शब्द आठवा. १९९५ साली अमेरिकेत भारत बिस्वाल या तेव्हा विद्यार्थी असलेल्या संशोधकानं एक गोष्ट दाखवली. माणूस काहीही न करता पडून असला तरी डाव्या आणि उजव्या हाताची हालचाल सांभाळणारे मेंदूचे दोन भाग एका लयीत वर-खाली होत असतात. लय अगदी संथ, एक चढ-उतार व्हायला दहा सेकंद किंवा त्याहून जास्त लागतात. तोवर हे चढ-उतार मशीनचा आणि श्वासाचा गोंगाट समजून बाजूला टाकले जात. पुढं २००१ मध्ये मार्कस रेचल यांच्या गटानं मांडलं की माणूस बाहेरच्या कामात नसतो तेव्हा मेंदूचे ठरावीक भाग उलट जास्त जागे असतात, आणि बाहेरचं काम लागलं की ते मंदावतात. वजनानं शरीराच्या फक्त २ टक्के असलेला मेंदू शरीराची साधारण २० टक्के ऊर्जा खातो, आणि त्यातली बरीचशी या ‘काही न करण्यात’च जाते.

मनोविकारतज्ज्ञांना यात रस का वाटला, हे उघड आहे. आजारी माणसाला मशीनमध्ये गणितं सोडवायला लावणं बऱ्याचदा अवघड जातं. नुसतं पाच-दहा मिनिटं पडून राहा, झोपू नका, एवढं बऱ्याच जणांना जमतं. मग जगभर हजारो स्कॅन झाले आणि फरक सापडलेही. अल्झायमरच्या रुग्णांत त्या ‘विश्रांतीच्या जाळ्या’ची, म्हणजे रेचल यांच्या गटानं दाखवलेल्या भागांची, लय विस्कटलेली दिसली. स्किझोफ्रेनियात मेंदूच्या आत खोलवर असलेला थॅलॅमस आणि कपाळामागचा भाग यांचं जुळणं, म्हणजे एका लयीत वर-खाली होणं, कमी, आणि थॅलॅमस व हालचाल-स्पर्श सांभाळणारे भाग यांचं जुळणं जास्त, हे तर वेगवेगळ्या गटांनी पुन्हा पुन्हा दाखवलंय. मी ते खरं मानते.

मग तुमच्या भावाचा स्कॅन काढला तर तेच दिसायला नको का?

इथंच व्हिडिओवाले हात मारतात. समजा, आपल्या गावातल्या दोन तालमींतले शंभर-शंभर पैलवान वजनकाट्यावर उभे केले. एका तालमीची सरासरी ८४ किलो निघाली, दुसरीची ८१. फरक खरा आहे, पुढच्या महिन्यात मोजला तरी निघेल. आता रंकाळ्यावर फिरायला आलेला ८२ किलोचा एक गडी धरा आणि हा कुठल्या तालमीचा, ते नुसत्या वजनावरून सांगा. सांगता येणार नाही, कारण दोन्ही तालमींत ८२ किलोचे ढीगभर आहेत. स्किझोफ्रेनिया असलेल्यांचा गट आणि निरोगी लोकांचा गट यांच्यातला फरक असाच सरासरीचा आहे. तुमचा भाऊ गट नाही, एक गडी आहे.

याहून मोठी अडचण अशी की बहुतेक अभ्यास आम्हाला ओपीडीत पडणारा प्रश्न विचारतच नाहीत. अभ्यासात एका बाजूला निदान पक्कं झालेले रुग्ण असतात आणि दुसऱ्या बाजूला काहीच तक्रार नसलेले निरोगी लोक. या दोघांना वेगळं ओळखायला मशीन कशाला हवं? तुमच्या आईनं ते दिवाळीतच ओळखलं. माझ्यासमोर पोरगं बसतं तेव्हा प्रश्न वेगळा असतो: हा स्किझोफ्रेनिया, की तेजी-मंदीच्या (बायपोलर) आजारातली तेजी, की खोल उदासीनतेत येणारे भास, की गांजा, की मेंदूला सूज, की आणखी काही? आणि यातल्या दोन गोष्टी एकाच माणसात असू शकतात. स्कॅनमधले फरक या आजारांमध्ये एकमेकांत मिसळलेले आहेत. एक आजार इथं, दुसरा तिथं, अशी सोय मेंदूनं केलेली नाही.

एक किस्सा सांगते, आमच्या क्षेत्रात तो बराच चघळला जातो. २०११ साली लहान मुलांच्या अतिचंचलतेच्या आजारावर, म्हणजे एडीएचडीवर, एक खुली स्पर्धा झाली. अनेक केंद्रांनी मिळून ९०० हून जास्त मुलामुलींचे रेस्टिंग स्टेट स्कॅन आणि सोबत वय, मुलगा की मुलगी, डावखुरा की उजवा, बुद्ध्यंक अशी साधी माहिती जगापुढं ठेवली. कुणाला आजार आहे आणि कुणाला नाही, हे संगणकाकडून ओळखून दाखवा, असं आव्हान. गणितज्ञ, इंजिनिअर, डॉक्टर सगळे उतरले. सगळ्यात जास्त बरोबर उत्तरं कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या गटाची आली, साधारण ६२ टक्के. आणि त्यांनी मेंदूचा एकही स्कॅन वापरला नव्हता! वय, लिंग, हात, बुद्ध्यंक अशी नुसती साधी माहिती. स्पर्धा स्कॅनची असल्यामुळं बक्षीस दुसऱ्या गटाला गेलं. त्यानंतर तंत्र सुधारलं, आकडे थोडे वाढले. तरी महागड्या चित्रांनी चार साध्या प्रश्नांवर मात करावी, ही अपेक्षा आजही पुरी झालेली नाही.

डोकं हललं तर काय होतं, तेही ऐका. २०१२ मध्ये एकापाठोपाठ एक निबंध आले: मशीनमध्ये मिलिमीटरच्या अंशाइतकं डोकं हललं तरी लांबच्या भागांचं जुळणं कमी आणि जवळच्या भागांचं जास्त असल्याचा खोटा फरक तयार होतो. आता सांगा, बेचैन पेशंट जास्त हलणार की निरोगी स्वयंसेवक? आजाराचा म्हणून छापलेला काही फरक नुसत्या हलण्याचा होता, हे त्या वर्षी बऱ्याच जणांनी निमूट मान्य केलं. त्यात भर चहाची, तंबाखूची, आदल्या रात्रीच्या जागरणाची, चालू औषधाची, मशीनच्या कंपनीची. आत डोळा लागला तरी चित्र बदलतं. २०२२ साली सुमारे ५०,००० लोकांचे स्कॅन एकत्र करून झालेल्या मोठ्या अभ्यासानं सांगितलं की माणसाचं वागणं आणि मेंदूची अशी चित्रं यांचा संबंध आधी वाटला होता त्यापेक्षा बराच बारीक आहे आणि तो खात्रीनं पकडायला हजारो माणसं लागतात. पंचवीस-तीस माणसांवर केलेले बरेच जुने दावे त्यात गळून पडतात.

आणि ते रंग. लाल म्हणजे बिघडलं, निळं म्हणजे थंड पडलं, असं काही नसतं. मशीन आकडे देतं. कुठल्या आकड्यापासून लाल सुरू करायचं हे संगणकावर बसलेला माणूस ठरवतो. तुमचा किंवा माझा स्कॅन काढला तरी पानभर रंग येतील आणि त्याखाली चार गंभीर वाक्यं लिहिता येतील.

अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी या विषयाचा वेळोवेळी आढावा घेतलाय, अलीकडचा मोठा २०१८ चा. संशोधन आशेचं आहे, पण रोजच्या निदानासाठी वापरावं अशी स्थिती आलेली नाही, हाच सूर. जागतिक आरोग्य संघटनेच्या निदानाच्या निकषांत स्किझोफ्रेनियासाठी कुठल्याही स्कॅनची अट नाही. त्यामुळं तुमच्या डॉक्टरांनी तास-दीड तास बोलून निदान सांगितलं यात त्यांनी काही कमी केलं नाही. तीच खरी तपासणी होती. आमच्या गर्दीच्या ओपीडीत इतका वेळ मिळाला, हे खरं तर नशीब म्हणायला हवं.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं. हा स्कॅन सगळीकडं निरुपयोगी आहे असं नाही. मेंदूतली गाठ काढण्याआधी बोलण्याचा किंवा हाताचा भाग नेमका कुठं आहे हे बघायला काही ठिकाणी तो वापरतात, विशेषतः पेशंटला सूचना पाळणं जमत नसेल तर. औषधांनी न हटणाऱ्या उदासीनतेवर डोक्याबाहेरून चुंबकीय ठोके देण्याचा एक उपचार आहे. त्याची एक पद्धत अमेरिकेत २०२२ मध्ये मान्य झाली. तिच्यात ठोके कुठं द्यायचे ती जागा या स्कॅनवरून काढतात. पण ही दोन्ही कामं निदान झाल्यानंतरची आहेत. आणि उद्या बंगळुरूच्या निम्हान्ससारख्या मानसिक आरोग्याच्या एखाद्या संस्थेनं संशोधनासाठी विचारलं, नीतिसमितीची मंजुरी दाखवली, संमतीपत्र वाचून दाखवलं, तर भावाची इच्छा असल्यास जरूर जा. अशा अभ्यासात भाग घ्यायला पैसे द्यावे लागत नाहीत. पैसे मागितले तर ते संशोधन नव्हे, दुकान.

आता काकांचा प्रश्न, कारण तो खरंच चांगला प्रश्न आहे. एमआरआय नॉर्मल, मग आजार कुठं आहे?

साधा एमआरआय मेंदूची घडण दाखवतो: गाठ, रक्तस्राव, मार, सूज, आपल्याकडं दिसणाऱ्या फीतकृमीच्या अळ्यांच्या गाठी, साठलेलं पाणी. यातलं काही असतं तर तेही असंच वागणं घडवू शकतं. म्हणून तो केला आणि तो नॉर्मल आला, हे चांगलं झालं. ‘आजार नाही’ असं त्याचा रिपोर्ट म्हणत नाही; ‘यातलं काही नाही’ एवढंच म्हणतो. काकांच्या ओळखीत कुणाला अर्धशिशी असेल, त्यांचा एमआरआय बघा, बहुतेक नॉर्मलच असेल. म्हणून डोकं दुखत नाही असं कुणी म्हणेल का? पार्किन्सनचं निदानही डॉक्टर चाल, हाताची थरथर आणि ताठपणा बघूनच करतात. साधा एमआरआय तिथंही बहुधा काही बोलत नाही.

उलट काही खुणा दिसल्या तर मात्र नॉर्मल एमआरआयवर समाधान मानायचं नसतं. ताप, फिट येणं, शुद्ध हरपल्यासारखं गोंधळणं, चार-आठ दिवसांत झपाट्यानं बिघडणं, तोंडाच्या किंवा हातापायाच्या विचित्र हालचाली, बोलणं बंद पडणं, उलट्यांसह डोकेदुखी. शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटते असा एक आजार २००७ मध्ये नीट ओळखला गेला. तो तरुण मुलींत जास्त दिसतो, सुरुवात हुबेहूब वेडासारखी होते, आणि त्यात एमआरआय कित्येकदा नॉर्मल असतो. तिथं ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, काढावा लागतो आणि पाठीतलं पाणी तपासावं लागतं. तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही आणि त्रास महिनोन्‌महिने हळूहळू वाढलाय. तरी ही यादी डॉक्टरांसमोर एकदा वाचा. जास्तीचा खर्च करायचाच असेल तर तो अशा तपासणीवर सार्थकी लागतो.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मला वाटतं, तुम्हाला स्कॅन भावासाठी नकोच आहे, काकांसाठी हवाय. घरातला वाद एका कागदानं मिटावा, ही इच्छा समजण्यासारखी आहे. पण मिटणार नाही. स्कॅन ‘नॉर्मल’ आला तर काका म्हणतील, ‘बघा, मी म्हणत नव्हतो?’ आणि गोळ्या कचऱ्यात जातील. ‘बिघाड’ आला तर तेच काका म्हणतील, मेंदूच गेलाय, आता काय उपयोग, आणि तो रंगीत कागद उद्या पाहुण्यारावळ्यांच्या व्हॉट्सअपवर फिरेल. त्याच्या नोकरीच्या, लग्नाच्या बोलण्यात तो कागद पुन्हा पुन्हा निघेल. ज्या चित्रातून काही सिद्ध होत नाही, त्याचा त्रास मात्र आयुष्यभर पुरेल.

त्यापेक्षा काकांनाच पुढच्या भेटीला न्या. घरच्यांसमोर केलेल्या तक्रारीपेक्षा डॉक्टरांसमोर विचारलेला प्रश्न बरा असतो. त्यांना म्हणावं, तुमच्या शंका तुम्हीच विचारा. ‘लाडानं बिघडलंय’ म्हणणाऱ्या माणसाच्या पोटात बहुधा भीती असते. आणि पत्रात वडिलांचा एक शब्द नाही, हे मला खटकलं. त्यांनाही न्या. पोरगं वर्कशॉपवर येत नाही म्हणून ते गप्प असतील, किंवा आपल्या घराण्यात आधी कुणाला असं झालं होतं का, या विचारानं. तसं कुणी असेल तर डॉक्टरांना सांगणं फार मोलाचं आहे. कुठल्याही स्कॅनपेक्षा जास्त.

आईला वाडीला जायचंय, जाऊ दे. दत्ताचं दर्शन घ्या, त्यालाही आवडत असेल तर न्या. पण गर्दीत त्याचा त्रास वाढतोय असं दिसलं तर लगेच परत फिरा, आणि गोळ्यांची वेळ प्रवासात चुकू देऊ नका. कुणी बांधून ठेवायला, उपाशी ठेवायला किंवा औषध सोडायला सांगितलं तर तिथून उठायचं. पाटल्या मात्र आईच्या हातातच राहू द्या.

आणि ज्याच्या डोक्याचं चित्र काढायचंय त्याला कुणी विचारलंय का? तो २२ वर्षांचा आहे. मनातलं मोबाइलमधून बाहेर जातं या भीतीनं तो मोबाइल तांदळात पुरतो. अशा पोराला एका अरुंद नळीत झोपवायचं, डोकं पिंजऱ्यात अडकवायचं, हलू नकोस म्हणायचं, आणि कानठळ्या बसवणारा खडखडाट चालू करायचा. वरून त्याला सांगायचं, की हे मशीन तुझ्या मेंदूत काय चाललंय ते बघणार आहे! त्याच्या संशयाला याहून मोठा पुरावा तुम्ही देऊ शकत नाही. साधा एमआरआय गरजेचा होता म्हणून केला. गरज नसताना पुन्हा नको.

डबा उघडून मोबाइल काढू नका, चेष्टा करू नका, ‘असं काही नसतं’ म्हणून वादही घालू नका. आणि ‘हो, पोरं बोलतायत खरी’ असंही म्हणू नका. एवढंच म्हणा: ‘तुला ऐकू येतंय, मला येत नाही. पण तुला त्रास होतोय ते मला दिसतंय. जेवतोस का थोडं?’ बोलणारा एकच माणूस असावा, आणि पत्रावरून तो माणूस तुम्ही दिसता. त्याची झोप विचारा, भुकेचं विचारा, क्रिकेटचं विचारा. गांजाचं विचारायचं असेल तर आईवडिलांसमोर नको, आणि ‘ओढतोस ना?’ असं नको. ‘कॉलेजात बरीच पोरं ओढतात म्हणे, तू कधी घेतला होतास?’ असं विचारलं तर उत्तर खरं यायची शक्यता वाढते. मग ते डॉक्टरांपर्यंत पोचवायचं. गल्लीत, नातेवाइकांत नाही.

डॉक्टरांना रंगीत चित्रापेक्षा जास्त उपयोगी पडेल अशी एक गोष्ट तुमच्या हातात आहे. एक साधी वही घ्या. तो रात्री किती वाजता झोपला, किती वाजता उठला, काय खाल्लं, आंघोळ केली का. एकटा हसला किंवा पुटपुटला तर वेळ. त्यानं बोललेलं वाक्य त्याच्याच शब्दांत. ‘काहीबाही बोलत होता’ असं लिहू नका. अगदी पहिला बदल कधी जाणवला तेही आठवून लिहा. मार्क कधीपासून घसरले, मित्र कधी तुटले, गणपतीत मिरवणुकीला गेला होता का. दिवाळीच्या आधीही काहीतरी सुरू होतं, असं अनेकदा निघतं आणि निदानाला त्यानं वजन येतं. सोबत औषधाच्या खुणा: गोळी दिली की नाही, झोप, चुळबुळ, वजन. वजन आणि रक्तातली साखर अधूनमधून तपासायची का, हे डॉक्टरांना तुम्ही स्वतः विचारा. या औषधांत ते लागतं.

निदानाबद्दल शंका असेल तर दुसऱ्या मनोविकारतज्ज्ञांचं मत घ्या, त्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही. सीपीआरमध्ये, म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, मनोविकार विभागाची ओपीडी आहे, केसपेपर काढून दाखवता येतं, पाटल्यांची गरज पडत नाही. जुनी कागदपत्रं आणि ती वही घेऊन जा. घरात रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आणि चोवीस तास आहे, मराठीत बोलतात. आरोग्य विमा असेल तर पॉलिसी काढून बघा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं शारीरिक आजाराला जसं संरक्षण तसंच मानसिक आजाराला द्यावं, असं विमा कंपन्यांना बांधलेलं आहे. कॉलेजचं वर्ष गेलं तर जाऊ द्या. नाव कटणार नाही एवढं डॉक्टरांचं पत्र देऊन बघा, परीक्षेचं नंतर.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. गोळ्या कायमच्या बंद करायच्या का? कधी तरी कमी होतील, काहींच्या बंदही होतात, पण ते त्याची तब्येत बघून, डॉक्टरांनी, हळूहळू. स्कॅन बघून नाही, आणि काकांना बघून तर नाहीच.

एका बाबतीत मात्र थांबू नका. जीव द्यायचं बोलायला लागला, आवाज त्याला काही करायला सांगतायत असं म्हणाला, कुणावर धावून गेला, किंवा खाणंपिणं-बोलणं पूर्ण थांबवून एका जागी खिळला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच रात्री सीपीआरच्या अपघात विभागात न्या, आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या.